वारं कधी गेलं?

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"रात्री."

"रात्री म्हणजे किती वाजता?"

"उसाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलते तवा. दोन-अडीच झालं असतील."

कॅज्युअल्टीतल्या घड्याळात सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी मनात वजाबाकी केली आणि माझं डोकं फिरलं.

"साडेसात तास! आणि आत्ता आणता होय त्यांना? इतका वेळ घरी काय आरती ओवाळत बसला होतात का?"

समोरची बाई काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, मग पदर तोंडाला लावून गप्प उभी राहिली.

मी बारामतीत एका खासगी हॉस्पिटलमध्ये फिजिशियन आहे. म्हणजे चाकू न लावता, नुसत्या औषधांवर काम भागवणारी डॉक्टर. या कामाला सव्वीस वर्षं झाली. बाईंचा हात गुणाचा आहे, असं पेशंट म्हणतात. बाईंचं तोंड फटकळ आहे, असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे आणि दुसऱ्याचा मला फारसा पश्चात्ताप नव्हता. हा प्रसंग होईपर्यंत तरी नव्हता.

ती बाई म्हणजे सुनंदा. स्ट्रेचरवर तिचा नवरा संपत. वय सत्तेचाळीस, गाव लासुर्णे, घरचा दोन एकर ऊस आणि चार म्हशी. बाहेर ऊन तापायला लागलं होतं आणि हा माणूस कानटोपी, स्वेटर आणि वरून घोंगडं अशा बंदोबस्तात आला होता. अंगाला लसणाच्या तेलाचा वास येत होता. घोंगडं काढलं. उजवा हात उचलून सोडला की धप्पकन खाली पडत होता. उजवा पाय तसाच. तोंड डावीकडं ओढलेलं. बोलायला जायचा आणि नुसतं "अ... अ..." निघायचं. डोळ्यांना मात्र सगळं कळत होतं. आपल्या उजव्या अंगाचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडं असतो, आणि बहुतेक माणसांची बोलण्याची जागाही त्याच बाजूला असते. त्यामुळं डाव्या मेंदूला मार बसला की हातपाय आणि वाचा दोन्ही एकदम जातात. ज्याला सगळं माहीत असतं तोच सांगू शकत नाही.

तिसरे होते संपतचे वडील. पांढरी टोपी, पंचाहत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ. सगळे त्यांना आबा म्हणत होते. आत आल्या आल्या त्यांनी पहिला हुकूम सोडला, तोही मलाच.

"मॅडम, आधी तो पंखा बंद करा. वारं गेलंय पोराच्या अंगावरनं."

पंखा बंद केला नाही. सिस्टरना म्हटलं, शुगर बघा, बीपी बघा, रक्त पाठवा, सीटी स्कॅनला फोन करा. सिस्टर शैला म्हणजे आमच्या कॅज्युअल्टीचा कणा. वीस वर्षं माझा राग झेलून अजून नोकरीत टिकलेली ही एकमेव बाई.

"सीटीवाले म्हणतायत एक सायनसचा पेशंट टेबलवर घेतलाय. त्याला उतरवू का?" तिनं विचारलं.

"राहू दे. होऊ दे त्याचं. आता घाई करून काय उपयोग?"

हे वाक्य मी बोलले. नंतर ते मला पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

घाई का नाही, ते सांगते. संपतला झाला होता तो स्ट्रोक. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, पुढचा भाग रक्तावाचून मरायला लागतो. ही गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर तितकं चांगलं. उशीर झाला की मेलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या कुजक्या पाइपासारख्या झालेल्या असतात. त्यात इंजेक्शन दिलं तर त्या फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग हातपाय राहिले बाजूला, माणूसच जातो. म्हणून आम्ही घड्याळ बघूनच सुई हातात घेतो. अडीचला झालेल्या स्ट्रोकची मुदत सात वाजता संपली. दहाला आलेल्या माणसाला ॲस्पिरिन द्यायची, बीपी सांभाळायचं आणि नशिबाला हात जोडायचे. मोठ्या शहरात काही खास तपासण्या करून उशिरा आलेल्यालाही कधी कधी इंजेक्शन देता येतं. आमच्याकडं ती सोय नव्हती, आणि पुणं अडीच तासांवर.

सायनसवाला उतरला, संपत टेबलवर चढला. मी काचेमागे उभी राहिले. तिथं दोन मिनिटं काहीच करायचं नसतं. अशा वेळी माझ्या डोक्यात शब्द फिरतात. तो माझा जुना नाद आहे. नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी प्रत्येक रोगाच्या नावाची कुळी सांगते, आणि पक्षाघाताची कुळी तर माझी सर्वांत लाडकी.

ऐका. पॅरालिसिस हा शब्द ग्रीक. पॅरा म्हणजे बाजूला, लिसिस म्हणजे सैल सुटणं. एका बाजूनं अंग सैल सुटलं, तो पॅरालिसिस. हाच शब्द फ्रान्समधून इंग्लंडात जाईपर्यंत झिजला आणि त्याचा पाल्सी झाला. अर्धं अंग गेलं की आम्ही केसपेपरवर हेमिप्लेजिया लिहितो. हेमी म्हणजे अर्धा. प्लेजिया आला तो फटका या अर्थाच्या शब्दावरून. प्लेगचं नावही त्याच घराण्यातलं. आता आपला पक्षाघात बघा. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे फटका. इंग्रजीतला स्ट्रोक म्हणजेही फटकाच. ग्रीक, संस्कृत, इंग्रजी, तिघांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट पाहिली: चांगला चालता माणूस कुणीतरी काठी हाणावी तसा एका बाजूला कोसळतो. हे सांगताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो. मुली जांभया देतात, तरी होतो.

लकवा अरबीतून आला. मुळात तो तोंड वाकडं होण्यापुरता होता, आपण सगळ्या अंगाला लावला. आणि अर्धांगवायू हा वैद्यांचा शब्द. शरीरातली सगळी हालचाल वायूच्या ताब्यात असते, तो बिघडला की हालचाल गेली, असा त्यांचा हिशोब. तो वायू शरीराच्या आतला. पण वैद्याच्या तोंडून शेतकऱ्याच्या तोंडात जाता जाता तो अंगाबाहेर पडला आणि उसाच्या बांधावरून वाहायला लागला. अंगावरून वारं गेलं. आमच्या भागात कुणी पक्षाघात म्हणत नाही. वारं गेलं, एवढंच म्हणतात.

इतकं सगळं मला पाठ होतं. सव्वीस वर्षं पाठ होतं.

सीटी आला. रक्तस्राव असता तर पांढराशुभ्र डाग दिसला असता. तसं काही नव्हतं. गुठळीचा स्ट्रोक पहिले काही तास सीटीत बहुधा दिसतच नाही, नुसता नॉर्मल मेंदू दिसतो. संपतचा अगदी नॉर्मल होता.

इथं मला पहिल्यांदा खटकलं. साडेसात तास उलटून गेलेला, इतका मोठा स्ट्रोक. मेलेल्या भागात थोडा तरी काळसरपणा यायला हवा होता. येतोच असं नाही, पण यायला हवा होता. मी फिल्म दोनदा बघितली. मग म्हटलं, असेल, आणि नातेवाइकांशी बोलायला बाहेर आले.

सुनंदा बाकावर बसली होती. हातात प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. सीटीच्या आधी पेशंटच्या खिशातलं सगळं काढून अशा पिशवीत घालून नातेवाइकांकडं द्यायचं, ही शैलाची शिस्त. पिशवीत मोबाइल, किल्ली, तंबाखूची डबी आणि एक छोटी पांढरी चिठ्ठी होती. मी सुनंदाला समजावत होते, की इंजेक्शनची वेळ निघून गेली, आता ते देता येणार नाही. माझी नजर खाली होती. कारण असं सांगताना मला माणसाच्या डोळ्यांत बघता येत नाही. म्हणून ती चिठ्ठी दिसली.

दूध डेअरीची स्लिप होती. म्हैस. लिटर. फॅट. एसएनएफ. वर आजची तारीख, सकाळ, आणि वेळ सात वाजून आठ मिनिटं.

"आज सकाळी दूध कुणी घातलं?" मी विचारलं.

"ह्यांनीच की," सुनंदा म्हणाली.

"ह्यांनी म्हणजे? संपतनं?"

"व्हय. रोज तेच जात्यात."

मी तिच्या शेजारी बसले. खरं तर धपकन बसले.

"अहो, पण तुम्ही म्हणालात रात्री अडीचला वारं गेलं."

"व्हय, रात्रीच गेलं." तिला माझाच गोंधळ कळेना. "ह्या आठवड्यात मोटरीची थ्री फेज लाइट रात्रीची हाय. हे दारं धरायला गेलते उसाला. अंगात नुसता शर्ट. थंड वारं सुटलं हुतं. तितंच लागलं त्यांना. पर वारं काय लगेच दिसतंय व्हय? सकाळी अंगात उतरलं."

"सकाळी कधी उतरलं?"

"आठला मी गोठ्यातनं आले तर हे वट्ट्यावर वाकडं बसलेलं. हात उचलंना, बोलता येईना."

बाई खोटं बोलली नव्हती. लपवलंही काही नव्हतं. मी विचारलं कधी झालं, तिनं तिच्या हिशोबानं अचूक उत्तर दिलं. ज्या रोगाचं नावच वारं, तो कधी झाला म्हणजे ते वारं कधी लागलं. तिनं मला रोगाच्या कारणाची वेळ सांगितली. मला हवी होती रोगाची. वायू शरीरातून बाहेर कसा पडला हे मुलींना रंगवून सांगणाऱ्या माझ्या डोक्यात हे आलं नाही.

"शैला!" मी ओरडले. या वेळी रागानं नाही. "आयसीयूत घ्या त्याला. बीपी किती?"

"दोनशे चार."

"खाली आणायला लागा. इंजेक्शन फ्रीजमधून काढून ठेवा. फोडू नका अजून."

पण एकटीनं ठरवायची ही गोष्ट नव्हती. आमचे सर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, सर्जन आहेत. माणूस शांत, कागद पाहिल्याशिवाय पाऊल न टाकणारा. असं जोखमीचं इंजेक्शन द्यायचं तर त्यांना कळवायचं असा आमचा नियम. मी ओपीडीत घुसून त्यांच्या टेबलावर केसपेपर आणि वर ती स्लिप ठेवली.

सरांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"पेशंट सात वाजून आठ मिनिटांनी नॉर्मल होता, त्याचा पुरावा."

"ह्यानं एवढंच कळतं की दूध पोचलं. कुणी पोचवलं हे कुठं लिहिलंय?"

"बायको म्हणते त्यानंच नेलं."

"तिनं जाताना पाहिलं?"

नव्हतं. ती गोठ्यात होती.

"आणि केसपेपरवर तुमच्याच अक्षरात रात्री अडीच लिहिलंय," सर म्हणाले. "उद्या ब्लीड झालं तर? कोण उत्तर देणार?"

ते बरोबर बोलत होते. म्हणून तर राग आला. आमच्या धंद्यात याला लास्ट नोन वेल म्हणतात. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, कुणी पाहिला. अंदाज चालत नाही, डोळ्यांनी पाहणारा माणूस लागतो. स्लिपच्या तळाशी डेअरीचा नंबर छापलेला होता. मी सरांच्या समोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो, कोण?" मागून कॅन आपटल्याचे आवाज येत होते.

"मी बारामतीहून डॉक्टर बोलतेय. आज सकाळी तुमच्याकडं संपतनं दूध घातलं का? लासुर्ण्याचा संपत, चार म्हशी."

"घातलं की. मी सेक्रेटरी बोलतोय. काय झालं? तक्रार केली का काय त्यानं?"

"कसली तक्रार?"

"फॅटची! आज त्याची फॅट कमी लागली. धा मिनिटं भांडला माझ्याशी. मशीन खोटं हाय म्हणाला. म्या म्हणलं, मशीन न्हाय, तुझी म्हैस खोटी हाय."

मी खुर्चीच्या कडेवर आले. "भांडताना बोलणं कसं होतं त्याचं? अडखळत होता? जीभ जड?"

"जड? मॅडम, काय शिव्या दिल्यात! एकेक आक्शर सुटं."

सरांनी पेन खाली ठेवलं.

"हात? उजवा हात चालत होता?"

"उजव्याच हातानं किटली आपटली काउंटरवर. पोचा आलाय बघा, किटलीला न्हवं, काउंटरला."

"आणि गेला कसा? चालत?"

"गाडीवर. त्याच्या गाडीचा सेल्फ बंद हाय. चार किका मारल्या तवा चालू झाली. मी वरनं म्हणलंबी, गाडीचीबी फॅट कमी लागली वाटतं."

किक उजव्या पायानं मारतात. मी सरांकडं पाहिलं, सरांनी माझ्याकडं. एमडीच्या परीक्षेत मला न्यूरॉलॉजीची केस तपासायला अर्धा तास दिला होता. या माणसानं दोन मिनिटांत वाचा, हात आणि पाय तपासून रिपोर्ट दिला होता, वर शेराही मारला होता.

सर फोनकडं वाकले. "सेक्रेटरी, तुमच्या मशीनचं घड्याळ बरोबर आहे का?"

"थांबा, बघतो... मोबाइलपरास चार मिन्टं म्होरं हाय."

"म्हणजे सात चारला स्लिप निघाली. भांडण स्लिपच्या आधी की नंतर?"

"नंतर. स्लिप बघूनच तर भांडला."

सरांनी कागदावर आकडे मांडले. सात चारला स्लिप, दहा मिनिटं भांडण. सात चौदाला माणूस धड. साडेचार तास मिळवले तर अकरा चव्वेचाळीस. घड्याळात दहा बेचाळीस.

"त्याला काय झालंय का मॅडम?" फोनमधला आवाज एकदम बारीक झाला.

"झालंय. पण तुम्ही आत्ता फार मोठं काम केलंत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"द्या," सर म्हणाले. "केसपेपर दुरुस्त करा, खाडाखोड नको, खाली नवीन नोंद करा, साक्षीदाराचं नाव लिहा. आणि कन्सेंट घ्या."

मी जिन्यावरून धावत उतरले. माझ्या वयाला आणि वजनाला ते शोभत नाही. बीपी एकशे शहाण्णव. इंजेक्शन द्यायला ते एकशे पंच्याऐंशीच्या खाली हवं. दुसरं औषध सुरू केलं. आणि कन्सेंटचा कागद घेऊन आबांसमोर गेले.

आबा आयसीयूच्या दारात आडवे उभे होते.

"आत एशी लावलाय," ते म्हणाले. "नुसतं गार वारं सोडलंय त्याच्या अंगावर. आमी सकाळधरनं दारं-खिडक्या लावून, तेल चोळून वारं भाईर काढतोय, तुमी परत घालताय. मी पोराला घरी नेतो."

एरवी मी काय बोलले असते ते मला पक्कं माहीत आहे. वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. पण पाऊण तासापूर्वीचं सुनंदाचं मिटलेलं तोंड आठवलं आणि मी ते गिळलं.

"शैला, एसी बंद कर. घोंगडं घाल त्यांच्या पायावर," मी म्हटलं. "आबा, तुमच्या रानात पाणी कशानं येतं?"

आबा चक्रावले. "चारीनं. कॅनॉलच्या पाण्यावर मोटर हाय."

"चारीत पालापाचोळा अडकला तर?"

"तर म्होरलं रान वाळतं."

"संपतच्या डोक्यातल्या चारीत तसा तुंब बसलाय. पुढचं रान वाळतंय. ते रान म्हणजे त्याचा हात, पाय आणि बोलणं. तो तुंब विरघळवायचं औषध माझ्याकडं आहे."

आबांनी डोळे बारीक केले. "रान वाळून किती येळ झाला?"

हा प्रश्न मला अजून कुणीही इतका नेमका विचारलेला नाही. डॉक्टरांनीसुद्धा.

"साडेतीन तास. अजून तासभर हातात आहे. त्यानंतर पाणी सोडून उपयोग नाही."

"आन् तुंब काढताना बांध फुटला तर?"

"फुटू शकतो. बहुतेक वेळा फुटत नाही. पण फुटला तर डोक्यात रक्त होईल, जिवावर बेतेल. तुम्हाला अंधारात ठेवून मी हे करणार नाही."

मी घड्याळाकडं बघितलं नाही. फार कष्टानं बघितलं नाही. दहा बावन्न झालं असणार.

"न्हाय काढला तुंब तर?"

"तर रान बरंचसं गेलंच म्हणून धरा."

आबांनी सुनंदाकडं पाहिलं. ती म्हणाली, "आबा, सोडू द्या पाणी."

आबांनी सही केली. नातू शिकवतो तशी, अक्षर अक्षर सुटं काढून. मला तेवढी सात अक्षरं सात तासांची वाटली.

बीपी एकशे ऐंशी. अकरा वाजून तीन मिनिटांनी सुई आत गेली. थोडा डोस एकदम, उरलेला तासभर पंपावर थेंबाथेंबानं. या तासात डॉक्टरनं करायचं काही नसतं. दर पंधरा मिनिटांनी बीपी बघायचं, आणि पेशंटचं डोकं दुखतंय का, उलटी होतेय का, झोप येतेय का यावर डोळा ठेवायचा. म्हणजे बांध फुटतोय का ते बघायचं. ओपीडीत चाळीस माणसं खोळंबली होती. मी हलले नाही. शैलाही हलली नाही, तिचा चहा दोनदा गार झाला.

अकरा पस्तीसला शैला म्हणाली, "मॅडम, पाय."

घोंगड्याखाली उजवा पाय गुडघ्यात वाकला होता. मी म्हटलं, संपतराव, पाय उचला. त्यानं उचलला. वीतभर. थरथरत, पण हवेत. मी आणि शैला एकमेकींकडं बघून वेड्यासारख्या हसलो. आयसीयूत असं हसायचं नसतं. शेजारच्या बेडवरचा पेशंट दचकला.

पंप संपता संपता उजव्या हाताची बोटं मिटायला लागली. मी माझी दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. दाब होता. कमी होता, पण होता. आत येऊन सुनंदा नुसती उभी राहिली. संपतनं तिच्याकडं पाहिलं, ओठ जुळवले, पुन्हा जुळवले आणि म्हणाला, "पा... पाणी."

तिनं ग्लास उचलला. मी ओरडायच्या आत थांबवलं, स्वतःला आणि तिला. स्ट्रोकच्या पेशंटला गिळता येतंय हे तपासल्याशिवाय पाणी द्यायचं नसतं, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. हे मी तिला शांतपणे सांगितलं. शैलानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू पेशंट मीच आहे.

दुसऱ्या दिवशीच्या सीटीत डाव्या बाजूला एक छोटा काळसर ठिपका होता. रक्तस्राव नव्हता. पाचव्या दिवशी संपत भिंत न धरता वॉर्डात चालला. बोलणं अडखळत होतं, तरी समजत होतं. हाताची चार बोटं चांगली चालत होती. अंगठा मात्र ऐकत नव्हता. शर्टाचं बटण लागत नव्हतं, पेला धरला की घसरत होता. मी फिजिओथेरपी लिहून दिली, सुधारेल असं सांगितलं.

सहाव्या दिवशी डिस्चार्ज. आबा आधीच गाडीत जाऊन बसले होते, काचा वर करून. सुनंदा गोळ्या समजून घ्यायला माझ्याकडं आली. मी एकेक गोळी दाखवली. ती नीट ऐकत होती. सगळं झाल्यावर मी फार खुशीत होते, म्हणून विचारलं, "आणखी काही विचारायचंय?"

"विचारायचं न्हाय. सांगायचं हुतं," ती म्हणाली. "रागावणार न्हाय ना?"

"नाही."

"त्या दिशी मी सांगणारच हुते. सकाळी हेच दूध घालायला गेलते म्हणून. तोंडावर आलं हुतं. तुमी वरडला, मग म्हणलं आपलंच चुकलं असंल. गप बसले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. राहून गेलेलं एक काम उरकावं तसं तिनं ते सांगितलं, पिशवी उचलली, वाकून नमस्कार केला आणि गेली.

मी बसून पुन्हा वजाबाकी केली. दहा पाचला ती बोलली असती तर सायनसवाला टेबलावरून उतरला असता. बीपीचं औषध तेव्हाच सुरू झालं असतं. पंचवीस मिनिटं वाचली असती, कदाचित तीस. त्या मिनिटांत आणखी किती रान वाळलं, याचा सीटी निघत नाही.

आमच्या कॅज्युअल्टीत आता कधी झालं असं कुणी विचारत नाही. शेवटचं धड काम कोणतं केलं, कुणी पाहिलं, असं विचारतात. तो बदल मी केला आणि सरांनी माझं कौतुकही केलं. दुसरा बदल कुठं लिहिलेला नाही. पेशंटच्या माणसांवर रागवायचं असेल तर आधी त्यांचं बोलणं पुरतं ऐकायचं. ऐकून झाल्यावर बहुतेक वेळा रागवायला काही उरत नाही.

संपत दीड महिन्यानं तपासणीला आला. चालत, हसत, स्वतः बोलत. मी त्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठा अजून तर्जनीला टेकत नव्हता. दूध कोण काढतं, असं मी विचारलं.

"सुनंदाच काढती आता," तो सावकाश म्हणाला. "धार काढायला अंगठा लागतो, मॅडम."